'मीडियास्टायनम'ला मराठीत काय म्हणावे?

ठाण्यातील नौपाड्याहून एका वाचक भगिनींनी विचारले आहे, की सासऱ्यांच्या छातीच्या सीटी स्कॅनच्या अहवालात 'मीडियास्टायनल लिम्फ नोड्स', म्हणजे दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेतील (मीडियास्टायनममधील) लसीका ग्रंथी, वाढल्याचे लिहिले आहे. घरच्यांसाठी त्याचे मराठी करताना त्यांनी 'छातीच्या पोकळीतील गाठी' असे लिहिले, तर ऐरोलीच्या थोरल्या दिरांनी ते खोडून 'मध्यपटलातील गाठी' असे सुचवले. या दोहोंपैकी बरोबर कोणते, असा त्यांचा प्रश्न आहे.

माझ्या मते दोन्ही टाळावेत, आणि त्यातही दुसरा आधी. मराठीत 'मध्यपटल' हा शब्द छाती आणि पोट यांना वेगळे करणाऱ्या आडव्या स्नायूसाठी, म्हणजे शाळेच्या पुस्तकांत ज्याला 'श्वासपटल' म्हणतात त्यासाठी, केव्हाच रुजला आहे. दिरांचा तर्क मात्र अगदी चुकीचा नाही. मीडियास्टायनम हा दोन फुप्फुसांना अलग ठेवणारा जाड पडदा आहे, अशीच त्याची व्याख्या शरीररचनाशास्त्राच्या ग्रंथांतून केलेली आढळते. पण हा पडदा उभा आणि तो स्नायू आडवा. 'मध्यपटलातील गाठी' असे वाचणारा डॉक्टर बरगड्यांच्या खालच्या कडेकडे पाहू लागेल.

'पोकळी'ची अडचण वेगळी आहे. छातीची पोकळी म्हटले की बरगड्यांच्या पिंजऱ्यातील सगळी जागा आली, फुप्फुसेसुद्धा आली. आणि घरातले मंडळी तर फुप्फुसात गाठ आहे असेच समजून चालतील. मीडियास्टायनममध्ये फुप्फुसे येत नाहीत. पुढे उरोस्थी (छातीचे मधले हाड), मागे पाठीचा कणा, वर मानेचा पायथा, खाली श्वासपटल आणि दोन्ही बाजूंना फुप्फुसांची आवरणे, एवढ्या चौकटीत हृदय, महाधमनी, श्वासनलिका, अन्ननलिका, मोठ्या शिरा, कितीतरी चेता (नर्व्ह) आणि लसीका ग्रंथी दाटीवाटीने बसलेल्या असतात. लहानपणी मोठी असणारी आणि वयात आल्यावर आक्रसत जाणारी थायमस ग्रंथीही इथलीच. तिला मराठीत 'यौवनलोपी ग्रंथी' म्हणतात. परिभाषेतला इतका बोलका शब्द क्वचितच सापडतो.

ही दाटी किती आहे, हे एका चेतेच्या वाटेवरून कळते. स्वरयंत्राच्या डाव्या बाजूला चालना देणारी चेता मेंदूकडून येताना सरळ गळ्यात थांबत नाही. ती छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि श्वासनलिकेच्या कडेने पुन्हा वर स्वरयंत्राकडे जाते. त्यामुळे कमानीजवळच्या ग्रंथी वाढून तिच्यावर दाब आला, तर घसा धडधाकट असूनही आवाज बसतो. अशा जागेला 'पोकळी' म्हणणे भाषेच्या दृष्टीनेही खटकते.

मग शब्द कोणता? मूळ लॅटिन शब्दातला 'मेडियस' आणि आपला 'मध्य' हे एकाच मुळातून आलेले असल्याने मराठी शब्दात 'मध्य' येणे साहजिक आहे. हिंदी परिभाषेतील 'मध्यस्थानिका' मला पटत नाही, कारण 'नलिका', 'पेशिका' यांच्या सवयीमुळे 'इका' ऐकताच आपल्या मनात काहीतरी चिमुकले उभे राहते. 'मध्यावकाश' हा शब्द मला अधिक योग्य वाटतो. 'अवकाश' म्हटले की हल्ली अंतराळ आठवते हे खरे. परंतु 'अजून अवकाश आहे' असे आपण म्हणतो तेव्हा अवकाश म्हणजे दोन गोष्टींमधले अंतर, आणि इथे नेमका तोच अर्थ हवा आहे.

नुसते 'छातीचा मधला भाग' असे म्हणून का भागत नाही, तेही सांगतो. गळ्याखालच्या खळगीपासून उरोस्थीवर बोट खाली नेले की सुमारे ५ सेंटीमीटरवर एक आडवा उंचवटा लागतो. दुसरी बरगडी तिथेच जोडलेली असते. या उंचवट्यापासून मागे चौथ्या आणि पाचव्या वक्षीय मणक्यांमधल्या चकतीपर्यंत एक पातळी कल्पून मध्यावकाशाचे वरचा आणि खालचा असे भाग करतात, आणि खालच्याचे पुन्हा पुढचा, मधला व मागचा असे तीन. हृदय यांतल्या मधल्यात असते. म्हणजे शब्द नसेल तर 'छातीच्या मधल्या भागाच्या खालच्या भागाचा मधला भाग' असे लिहिण्याची पाळी येते!

घरच्यांसाठी लिहिताना मात्र मी परिभाषा वापरणार नाही. 'दोन्ही फुप्फुसांच्या मधल्या जागेतील लसीका ग्रंथी वाढलेल्या दिसतात' हे वाक्य सासूबाईंनाही कळेल आणि डॉक्टरांनाही चालेल. इथे 'गाठी' हा शब्द मुद्दाम वगळला आहे. लसीका ग्रंथी प्रत्येकाच्या शरीरात मुळातच असतात. या भागात त्यांची आखूड बाजू साधारण १० मिलिमीटरपेक्षा मोठी भरली, की अहवालात त्या वाढल्याची नोंद होते. अशी वाढ क्षयरोगात होते, सारकॉइडोसिस या दाहाच्या आजारात होते आणि कर्करोगातही होते. 'गाठ' म्हणताच ऐकणारा थेट शेवटच्या शक्यतेवर जातो, आणि अहवालात नसलेले निदान भाषांतरात शिरते.

शब्दाच्या लिंगाविषयी वाचक भगिनींनी जाता जाता विचारले आहे. दवाखान्यातल्या मराठीत मीडियास्टायनम नपुसकलिंगी चालते, म्हणून एक्स-रे पाहून 'मीडियास्टायनम रुंद दिसतंय' असे म्हणतात. मध्यावकाश पुल्लिंगी आहे, तेव्हा लिहिताना 'मध्यावकाश रुंदावलेला दिसतो' असे लिहावे.