नाग, मण्यार, घोणस, फुरसे : प्रतिविष एक, विषे मात्र अनेक

चारही सापांच्या दंशावर एकच प्रतिविष देतात, तर मग नाग चावलेल्याच्या पापण्या मिटत जातात आणि फुरसे चावलेल्याच्या हिरड्यांतून रक्त येते, असे का, हा आपला प्रश्न आहे. याचे उत्तर विषातील प्रथिनांत आहे. वाळवलेल्या विषाच्या वजनात नव्वद टक्क्यांहून अधिक भाग प्रथिने आणि पेप्टाइडे यांचाच असतो. एका सापाच्या विषात ती अनेक प्रकारची असली, तरी त्यांची मूळ कुळे मोजकीच आहेत. कोणत्या सापात कोणत्या कुळाचा भरणा अधिक, यावरून लक्षणे ठरतात.

नागाच्या विषात ‘तीन बोटी’ प्रथिने भरपूर असतात. साधारण 60 ते 74 अमिनो आम्लांची ही साखळी अशी दुमडलेली असते की, तिचे तीन पदर बोटांसारखे पुढे येतात. चेतेचा (मज्जातंतूचा) निरोप अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन स्नायूपर्यंत नेते. याच घडणीतील काही प्रथिने स्नायूवरील त्याच्या ग्राहींवर, म्हणजे ते जिथे चिकटते त्या जागांवर, जाऊन बसतात, त्यामुळे तो निरोप पोहोचत नाही आणि पापण्यांपासून श्वासाच्या स्नायूंपर्यंत सारे ढिले पडते. तर काही पेशींची आवरणे फोडतात, म्हणून दंशाच्या जागी मांस सडते. साचा एक आणि कामे दोन, हे मला या विषयातील सर्वांत विलक्षण वाटते.

मण्यारीचा दंशही लकवा आणतो, पण तिच्या विषातील बीटा-बुंगारोटॉक्सिन हे फॉस्फोलायपेज ए-टू या विकराच्या (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाच्या) कुळातले असून ते चेतातंतूच्या टोकालाच इजा करते. नागदंशात निओस्टिग्मिन या औषधाने अ‍ॅसिटिलकोलीन वाढवून बऱ्याचदा उतार पडतो. मण्यारीच्या दंशात अ‍ॅसिटिलकोलीन सोडणारे टोकच निकामी झालेले असल्याने त्या औषधाचा सहसा उपयोग होत नाही, आणि टोके पुन्हा सावरेपर्यंत रुग्णाला कित्येक दिवस कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते.

घोणस आणि फुरसे यांचा रोख मुख्यतः रक्तावर असतो. घोणशीच्या विषातील एक जस्तयुक्त प्रथिनभंजक विकर रक्त गोठवणाऱ्या दहाव्या घटकाला आणि दुसरे एक विकर पाचव्या घटकाला चेतवते, तर फुरशातील इकॅरिन थेट प्रोथ्रॉम्बिन या गोठवणाऱ्या घटकालाच चेतवते. येथे वाचक बहुधा गोंधळतात, कारण ही विकरे रक्त गोठवणारी आहेत आणि रुग्णाचे रक्त तर गोठतच नाही. शरीरभर बारीक गुठळ्या होता होता फायब्रिनोजेन, म्हणजे ज्यापासून गुठळीचे धागे बनतात ते प्रथिन, संपून जाते आणि मग गोठायला काही उरत नाही. म्हणूनच कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत रक्त 20 मिनिटे न हलवता ठेवून ते गोठले की नाही, हे पाहण्याची साधी चाचणी ग्रामीण रुग्णालयातही करता येते. (घोणशीचे विष अत्यल्प प्रमाणात रक्तविकारांच्या एका तपासणीत अभिकारक म्हणून वापरतात, आणि टायरोफिबान हे हृदयविकारावरील औषध फुरशाच्या विषातील एका लहान प्रथिनाच्या नमुन्यावर बेतलेले आहे.)

आता प्रतिविषाकडे वळू. चारही विषे घोड्यांना अल्प मात्रेत टोचून त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे एकत्र मिळवली जातात, म्हणून ते सर्वांवर चालते. आपल्याकडील प्रमाणानुसार 1 मिलिलिटर प्रतिविषाने नागाचे आणि घोणशीचे प्रत्येकी 0.6 मिलिग्रॅम, तर मण्यारीचे आणि फुरशाचे प्रत्येकी 0.45 मिलिग्रॅम विष निष्प्रभ व्हायला हवे. मात्र घोड्याचे शरीर मोठ्या प्रथिनांविरुद्ध जोमाने प्रतिपिंडे बनवते आणि तीन बोटींसारख्या चिमुकल्यांकडे तुलनेने दुर्लक्ष करते. शिवाय चेतातंतूच्या टोकाला एकदा झालेली इजा प्रतिविषाने भरून निघत नाही, म्हणून मण्यारीच्या बाबतीत वेळ फार मोलाचा असतो.

त्यातही एकाच जातीच्या सापाच्या विषातील प्रथिनांचे प्रमाण प्रदेशागणिक बदलते. प्रतिविषासाठी लागणारे विष दीर्घकाळ प्रामुख्याने तमिळनाडूतील इरुला समाजाच्या सहकारी संस्थेकडून येत आले आहे, त्यामुळे दूरच्या प्रदेशांतील सापांच्या दंशावर तेच प्रतिविष काही वेळा कमी पडते.