मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला आहे, धड वाचता येत नाही. चोपड्याच्या इंग्रजी शाळेत टाकू का?

घाई करू नका भाऊ. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, खाजगी शाळांतल्या २५ टक्के मोफत जागा फक्त प्रवेशाच्या पहिल्या वर्गाला असतात, तिसरीला ते दार बंद. म्हणजे पूर्ण फी, वर व्हॅनचं भाडं. कापसाला भाव नसला की ती फीच आधी थकते, हे मी घरात पाहिलंय.

आणि वाचता न येण्याचं कारण नीट बघा. घरी अहिराणी, पुस्तकात प्रमाण मराठी. त्यात इंग्रजी आली तर पोरगं तिसऱ्याच भाषेत अडकेल. रोज अर्धा तास तुमच्यासमोर मोठ्याने वाचू द्या. अडला तर अर्थ अहिराणीतच सांगा, त्यात लाज कसली?

शाळेवर राग असेल तर व्यवस्थापन समितीत जा. कायद्याने तिथे तीन चतुर्थांश पालक असतात, पण आमच्याकडे बैठकीला चहापुरतेच जमतात. ६० पटापर्यंत शिक्षक दोनच, वर्ग मात्र चार. शिक्षकाची जागा रिकामी असेल तर समितीचा ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या.

पाचवीत नवोदयची, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेची, परीक्षा द्यायला लावा. तिथे किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना आहेत.