वीज नसताना दिवसभर बाहेर राहिलेले दूध पुन्हा उकळून मुलाला द्यावे का?

आपण विचारले आहे की, सकाळी तापवलेले दूध वीज गेल्यामुळे संध्याकाळपर्यंत ओट्यावरच राहिले, नासलेले नाही, वासही येत नाही, तर ते पुन्हा खळखळून उकळून दोन वर्षांच्या मुलाला द्यावे का. देऊ नये. मी गुहागर तालुक्यातील एका दूध संकलन केंद्रावर बरीच वर्षे दुधाची तपासणी करत होतो. त्या अनुभवावरून लिहितो.

उकळण्याने साल्मोनेला, ब्रुसेला, क्षयाचे जंतू मरतात. खरे तर ७२ अंश सेल्सिअसवर १५ सेकंद तापवणेही त्यासाठी पुरते. मात्र बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली त्याची सुप्त रूपे, उकळीतही तगतात आणि दूध कोमट झाले की रुजतात. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू स्वतः मरतो, पण त्याने आधीच दुधात सोडलेले विष अर्धा तास उकळले तरी नष्ट होत नाही. हा जंतू आपल्या हातांवर, नाकात आणि सडदाह झालेल्या गाईच्या सडात असतो.

आमच्याच घरी एकदा गौरीच्या ओवशाला आदल्या रात्री आटवलेली बासुंदी मोठ्या टोपात तशीच राहिली होती, ढवळणाऱ्या वहिनीच्या बोटाला विळीने कापल्याची जखम होती, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा उकळूनच वाढली तरी जेवणानंतर तीन तासांच्या आत सात जणांना उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी याच विषाचा संशय व्यक्त केला. बासुंदीच्या चवीत कोणालाही काही खटकले नव्हते.

वासावर विसंबू नये, हे मला केंद्रावरही रोज दिसे. परीक्षानळीत दहा मिलिलिटर दूध घेऊन त्यात मिथिलीन ब्ल्यू या निळ्या रंगद्रव्याचा एक मिलिलिटर द्राव घालायचा आणि नळी ३७ अंशांच्या पाण्यात ठेवायची. जंतूंनी दुधातला प्राणवायू संपवला की निळा रंग उडतो. उत्तम दुधाचा रंग पाच तास टिकतो, वाईट दुधाचा अर्ध्या तासात जातो, आणि अशा दुधाला आंबूस वास असतोच असे नाही.

मग जुन्या घरांत फ्रिजशिवाय कसे चालत असे, असे कोणी म्हणेल. माझी आजी दुधाचे भांडे दिवसभर चुलीच्या वैलावर, म्हणजे चुलीला जोडलेल्या मंद आचेच्या बाजूच्या तोंडावर, ठेवी. तिथे ते हाताला चटका बसेल इतके गरम राही, आणि ६० अंशांच्या वर जंतू वाढू शकत नाहीत. आपण गॅस बंद करून दूध ओट्यावर ठेवतो, तेव्हा ते नेमके जंतूंना मानवणाऱ्या उष्णतेत तासन् तास राहते. आपल्याकडच्या दमट हवेत उकळलेले दूध दोन तासांहून अधिक बाहेर ठेवू नये.

पावसाळ्यात वीज जाण्याची चिन्हे दिसली की भांडे पाण्याच्या परातीत ठेवून दूध लवकर निववावे, मुलापुरते लगेच वापरावे आणि उरलेल्याला कोमट असतानाच विरजण लावावे. दह्याच्या आंबटपणात यातले बहुतेक जंतू वाढत नाहीत. अडीअडचणीसाठी न उघडलेला टेट्रापॅक घरात असू द्यावा, तो फ्रिजशिवाय टिकतो, मात्र उघडल्यावर त्यालाही हाच नियम लागू होतो. आजचे दूध माडाच्या आळ्यात ओतून टाकावे.