कोळ्याला भिते, पण टॅरंटुला पाळायचाय

प्रिय आक्का,

मी 29 वर्षांची, कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, एका पतसंस्थेत नोकरी करते. लग्नाला तीन वर्षं झाली. लहानपणापासून मला कोळ्याची भीती वाटते. किळस नव्हे, भीती. बाथरूमच्या भिंतीवर दिसला की अंगावरचा साबण तसाच घेऊन मी बाहेर येते. मागच्या पावसाळ्यात ताराराणी चौकातून गाडीवर येत होते, तर हँडलखालून एक कोळी निघाला आणि मनगटावर चढला. मी चालती गाडी सोडून दिली. गुडघा फुटला. मागच्या रिक्षावाल्यानं वेळेत ब्रेक मारला म्हणून वाचले.

त्यानंतर धाकटा दीर (तो झूऑलॉजी शिकतो) मला मोबाईलवर कोळ्यांचे व्हिडिओ दाखवायला लागला. आधी डोळे मिटून, मग बोटांच्या फटीतून बघितले, आणि आता रात्री मी एकटीच टॅरंटुला या मोठ्या कोळ्याचे व्हिडिओ बघत बसते. तो केसाळ, संथ, पाऊल विचार करून टाकणारा. मला तो चक्क आवडतो! वाटतं, एक पाळला की भीती कायमची जाईल. एका ग्रुपवर एकजण लाल गुडघ्यांचा मेक्सिकन टॅरंटुला आठ हजाराला देतोय, पार्सलनं पाठवतो म्हणतो. नवरा म्हणतो, तुझं तू बघ. सासूबाई म्हणतात, ते घरात आलं तर मी लेकीकडे जाऊन राहीन. कोळी अंगावर मुतला की फोड येतात, असंही त्याच म्हणतात. आणि बाथरूममधल्या कोळ्याला मी अजून तेवढीच भिते. माझं डोकं ठिकाणावर आहे ना?

तुमची, भित्री

*

अगं पोरी,

भित्री म्हणून हाक मारायला मला जमणार नाही. सहा महिन्यांत डोळे मिटण्यापासून टक लावून बघण्यापर्यंत आलीस, ती भित्री कसली? डोकं ठिकाणावर आहे. फक्त दोन वेगळे प्रश्न तू एकाच पार्सलात बांधलेस. ते मी आधी सोडवते.

मोबाईलमधला कोळी तुझ्या अंगठ्याखाली असतो. नको वाटला की सरकवला. बाथरूममधला तसा नाही. तो कधी हलेल, कुठे जाईल, हे त्याच्या मनावर. तुझी भीती पायांना किंवा केसांना चिकटलेली नाही, ती त्या ‘कधी हलेल’ला चिकटलेली आहे. टॅरंटुला काचेच्या पेटीत आला म्हणजे तोही मोबाईलमधलाच झाला, फक्त महाग. तू त्याच्याकडे कौतुकानं बघशील, आणि सकाळी बाथरूममधून पुन्हा साबणासकट बाहेर येशील. आठ हजार गेले ते गेलेच.

मला हे कळतं, कारण मी पालीला भ्यायची. मंगळवार पेठेतल्या आमच्या वाड्यात माजघराच्या तुळईवर एक कायमची मुक्कामाला होती. ती दिसली की मी शेजारच्या काकूंना हाक मारायची, त्या झाडू घेऊन यायच्या. बारा वर्षं काकू आल्या, आणि बारा वर्षं माझी भीती तसूभर कमी झाली नाही. का होईल? पाल दिसली, मी पळाले, वाचले. दर वेळी मनानं हिशेब तोच मांडला, की पळाले म्हणून वाचले. पळाले नसते तर काय झालं असतं, हे बघायची वेळच आली नाही. काकू मुलाकडे पुण्याला गेल्या तेव्हा कुठे आली.

भीतीचा पारा चढतो, एका ठिकाणी थांबतो, आणि आपण जागचं हललो नाही तर आपोआप उतरतो. पळणाऱ्याला तो उतरताना कधी दिसतच नाही. मानसतज्ज्ञ अशा भीतीवर जे उपचार करतात त्यांचा पायाच हा आहे: पायरी पायरीनं जवळ जायचं आणि पारा उतरेपर्यंत थांबायचं. लार्स-योरान अस्ट नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानं 1989 मध्ये तर एकाच बैठकीत, जास्तीत जास्त तीन तासांत, हे काम करून दाखवलं होतं. तज्ज्ञ शेजारी, खरा कोळी समोर, आणि पुढची पायरी भिणाऱ्यानं हो म्हटल्यावरच. म्हणजे तुझा दीर जे करत होता ते बरोबरच होतं. फक्त तो जिना मोबाईलपाशीच संपला.

पुढच्या पायऱ्या तुझ्या बाथरूममध्ये आहेत. तो भिंतीवरचा चपटा, तपकिरी, पाय पसरले की तळहातभर होणारा असेल, तर त्याची ओळख करून देते. तो जाळं विणत नाही. दिवसभर फटीत बसतो, रात्री झुरळं धरतो. कधी पोटाखाली पांढरी चपटी गोल टिकली घेऊन फिरताना दिसला तर ती मादी, आणि ती टिकली म्हणजे अंड्यांची पिशवी. ती पिशवी सांभाळत असेपर्यंत बाई बहुतेक उपाशीच असते. मुठीत धरून दाबलंस तर चावेल, दुखेल. तुझ्या अंगावर धावून यायचं त्याला काही कारण नाही. तो धावतो तो तुझ्यापासून लांब, पण घाबरल्यावर त्याला दिशा कळत नाही आणि तुलाही कळत नाही, म्हणून दोघं एकाच दाराकडे पळता.

पहिला आठवडा फक्त दारात उभी राहा. कपडे घालून, आंघोळीच्या वेळी नव्हे. शून्य ते दहात भीती किती, हे स्वतःला सांग. आठ असेल तर चारवर येईपर्यंत जागा सोडायची नाही. पाच मिनिटं लागोत नाहीतर पंचवीस. छातीत धडधडेल, हात गार पडतील, चक्कर येईल असंही वाटेल. रक्त बघून लोक बेशुद्ध पडतात ते वेगळं. कोळ्याच्या भीतीत काळीज जोरात धावतं, त्यानं माणूस सहसा कोसळत नाही. मग एक पाऊल आत. मग आणखी एक. दिराला दारात उभा कर, पण कोळी हाकलायचं काम त्याला द्यायचं नाही. नाहीतर तो तुझा काकू होईल.

शेवटची पायरी काचेच्या ग्लासाची. रुंद तोंडाचा, पारदर्शक घे, म्हणजे आत काय चाललंय ते दिसतं. कोळी भिंतीवर स्थिर असताना ग्लास त्याच्यावर सावकाश टेकव. पाय कडेखाली चिरडत नाहीत ना ते बघ. मग भिंत आणि ग्लास यांच्यामधून जुनी लग्नपत्रिका सरकव. जाड, गुळगुळीत, सोनेरी कडेची असते ना, तीच. साधा कागद वाकतो आणि ऐन वेळी दगा देतो. पत्रिका सरकताना कोळी आपण होऊन पाय उचलून तिच्यावर येतो. ते काचेतून नीट बघ. एकेक पाय वेगळा उचलतो, चाचपतो, ठेवतो. ज्या चालीवर तू मोबाईलमध्ये भाळलीस, ती ही. मग परसात नेऊन सोड.

गाडीचं मात्र मी असं दारात उभं राहून शिक म्हणणार नाही. चालती गाडी सुटते इतकी भीती असेल तर ती एकटीनं निस्तरायची गोष्ट नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भेट. खाजगी परवडत नसेल तर सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढ आणि जा. लाजू नकोस, तिथे रांगेत बसलेल्यांपैकी निम्म्यांना तुझा आजार हलकाच वाटेल आणि उरलेल्यांना लिफ्टची भीती असेल. तोवर गाडी झाडाखाली लावू नकोस, आणि निघताना हँडल, आरसे आणि पुढचा कप्पा फडक्यानं झटकत जा.

आता सासूबाई. कोळी मुतल्यानं फोड येत नाहीत. पावसाळ्यात दिव्यावर येणारा एक बारीक लांबट किडा असतो, नारिंगी आणि काळा, मोठ्या मुंगीसारखा. तो मानेवर बसला आणि आपण झोपेत चिरडला की त्याच्या अंगातल्या रसानं कातडी भाजल्यासारखी होते, दुसऱ्या दिवशी फोडांची रेघ उठते. कधी कधी ती नागीणही असते. नाव मात्र गरीब कोळ्याचं. हे त्यांना सांग, पण वाद जिंकायला नको. घर त्यांचंही आहे. आणि ‘लेकीकडे जाईन’ म्हणणारी बाई बहुतेक वेळा तुझ्याइतकीच भ्यालेली असते, फक्त तिला कुणी व्हिडिओ दाखवलेले नसतात.

मग टॅरंटुला पाळायचा की नाही? पाळण्यात वावगं काही नाही. ज्या गावानं शाहू महाराजांच्या काळी चित्ते पाळून त्यांच्याकडून हरणांची शिकार करवली, त्या गावाला आठ पायांचं काय एवढं! पण काय पाळतेस ते कळू दे. लाल गुडघ्यांची मादी असेल तर वीस-पंचवीस वर्षं जगते. नर त्या मानानं लवकर जातो. आत्ता आणलीस तर तुझं मूल बारावीला जाईल तेव्हा ती असेल. आणि या सगळ्या काळात ती बहुतेक वेळ काहीही करणार नाही. आठवड्या-दहा दिवसांनी एखादा रातकिडा किंवा झुरळ, पाण्याची वाटी, खाली कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा), आणि उन्हापासून लांब जागा. कधी महिनोन्‌महिने खाणार नाही. कात टाकायला उताणी पडेल, तू मेली म्हणून रडशील. रडू नकोस आणि हातही लावू नकोस. मेलेला कोळी बहुतेक पाय पोटाशी आवळून घेतो, कारण पाय लांब करायला त्याला स्नायू नाहीत, तो अंगातल्या द्रवाच्या दाबानं ते ताणतो. कात टाकणारा पाय पसरून पडतो. त्या दिवसांत पेटीत जिवंत रातकिडा राहिला तर तोच तिला कुरतडतो.

हातावर घेऊन फोटो काढायचा विचार असेल तर तो सोडून दे. कमरेच्या उंचीवरून पडली तरी पोट फुटून मरू शकते. शिवाय अमेरिकेकडचे बहुतेक टॅरंटुला चिडले की मागच्या पायांनी पोटावरचे केस उडवतात. ते डोळ्यात गेले तर डॉक्टर गाठावा लागतो. चावून माणूस मेल्याची खात्रीलायक नोंद नाही, पण आपल्या सह्याद्रीत झाडाच्या ढोलीत राहणारे आहेत ते चावले तर काही दिवस स्नायूंत गोळे येतात. त्यामुळे दीर उत्साहानं आंबा घाटातून एखादा आणतो म्हणाला तर त्याला बाहेरच उभा कर.

तुमच्या घरी डासांचा फवारा मारतात? झुरळांचं पेस्ट कंट्रोल होतं? मग विषय संपला, कोळी त्यात आधी जातो. आणि गणपतीत काय करशील? टॅरंटुलाला डोळे आठ आहेत, पण दिसतं जेमतेम. त्याचं सगळं जग पायाखालच्या कंपनावर चालतं. विसर्जनाला डॉल्बी लागली की आमच्या पेठेत कपाटातली भांडी वाजतात. तुमच्या गल्लीत काय होतं ते तू जाण.

त्या आठ हजारवाल्याला कागद माग. लाल गुडघ्यांचा मेक्सिकन साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. आपल्या वन्यजीव कायद्यात 2022 मध्ये दुरुस्ती झाली, ती एप्रिल 2023 पासून लागू आहे, आणि 2024 च्या नियमांप्रमाणे यादीतला असा प्राणी जवळ असेल तर परिवेश या सरकारी पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. कुठून आला, कुणाकडून घेतला, हे दाखवावं लागतं. ‘ताई, त्याची काय गरज नाही’ असं उत्तर आलं की नंबर ब्लॉक कर. डब्यात कापूस घालून कुरिअरनं जिवंत जीव पाठवणाऱ्याला तो पोचतो की मरतो याचं सोयरसुतक नसतं.

माझं म्हणणं एवढंच, की शौर्यपदक म्हणून कुणी जीव घरात आणत नाही. भीती गेली हे दाखवायला टॅरंटुला नको, त्याला ग्लास आणि पत्रिका पुरे. पुढच्या दिवाळीपर्यंत थांब. भीती उतरल्यावर हा ओढा कदाचित आपोआप विरेल, कारण तो ओढा भीतीचाच उलटा सदरा असतो. तुझा तेव्हाही टिकला, फवारे बंद करायला घर तयार झालं, आणि सासूबाई निदान ‘माझ्या खोलीत नको’ इथपर्यंत आल्या, तर मला पुन्हा लिही. मी पेटी केवढी घ्यायची ते सांगेन.

आणि तो ग्लास काम झाल्यावर स्वयंपाकघरात परत ठेवू नकोस. बाथरूममध्येच वेगळा ठेव, त्यावर खूण कर. सासूबाईंना त्यातून चहा गेलाय असं कळलं तर कोळ्याचा विषय बाजूला राहील आणि ग्लासाचाच पुढची दहा वर्षं पुरेल.

तुझी,
आक्का