बर्म्युडाला निघण्याआधी

अनेक आशीर्वाद.

बर्म्युडा बेटाच्या जुन्या थरांची वयं काढायची तुझी मोहीम पक्की झाली, फार बरं वाटलं. तुझा पहिलाच प्रश्न आहे, नमुने किती घ्यायचे? तो शेवटी ठेव. आधी हातातल्या तुकड्याला विचार: बाबा, तू मेलास कधी आणि इथे येऊन पडलास कधी? या दोन तारखा नेहमी एक नसतात.

माझ्या पहिल्याच मोहिमेत मी जुन्या पुळणीच्या थरातून मुठीएवढं प्रवाळ मोठ्या आनंदाने उचललं. वय आलं ते शेजारच्या थरांशी मुळीच जुळेना. महिनाभर प्रयोगशाळेला नावं ठेवली. मग भिंगाखाली नीट पाहिलं, तर कडा घासून गोल झालेल्या, आणि एका खळग्यात जुन्या, घट्ट चुनखडीचा कपचा चिकटलेला. लाटांनी ते आधीच्याच खडकातून उपटून आणलं होतं. प्रयोगशाळेने प्रवाळाचं वय बरोबर सांगितलं होतं, थराचं मी गृहीत धरलं होतं.

वय काढायला कार्बन-14 तिथल्या जुन्या थरांना पुरत नाही; त्याची धाव जेमतेम 50 हजार वर्षांची, आणि तिथल्या रॉकी बे नावाच्या खडकगटाचे थर सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वीचे. तिथे युरेनियम-थोरियमची पद्धत लागते. पण प्रवाळ त्याच्या मूळच्या चुन्याच्या खनिजाचं, म्हणजे अ‍ॅरगोनाइटचंच हवं. पावसाच्या पाण्याने त्याचं कॅल्साइट, म्हणजे चुन्याचंच दुसरं खनिज, झालं असेल, तर युरेनियमची ये-जा झालेली असू शकते आणि वय चुकतं. क्ष-किरण तपासणीत कॅल्साइट दिसलं की तो नमुना, कितीही देखणा असो, बाजूला ठेव.

वाऱ्याने रचलेल्या टेकड्यांच्या वाळूत असं प्रवाळ मिळणं मुश्कील. तिथे चुन्याच्या कणांत उरलेल्या अमिनो आम्लांचा आधार: त्यांतलं आयसोल्युसिन हळूहळू अ‍ॅलोआयसोल्युसिनमध्ये बदलतं, त्या प्रमाणावरून थरांचा क्रम लागतो. हे घड्याळ उन्हात जोरात पळतं, म्हणून उघड्या कड्याचा पृष्ठभाग खरवडून आतलं घे. वर्षांत आकडा हवा असेल, तर ते प्रवाळाच्या वयाशी ताडूनच बसवावं लागतं.

आता लाल माती. समुद्र वर असताना वाऱ्याने चुन्याच्या वाळूच्या टेकड्या रचल्या. मधल्या उसंतीत त्यांच्यावर माती साचली, त्यात सहाराहून आलेली धूळही आहे. हे लाल पट्टे म्हणजे थरांमधली रिकामी वर्षं. मातीतली पोसिलोझोनाइट्स गोगलगाय खालच्या टेकडीनंतरची, वरच्या टेकडीच्या आधीची. तिचं वय खालच्या वाळूला चिकटवू नकोस, हा मोह मोठमोठ्यांना झालाय.

पुळण आणि टेकडी यांत गफलत झाली, तर त्या काळच्या समुद्रपातळीचा आकडा काही मीटरने चुकतो. लाटांच्या ओल्या वाळूत अडकलेल्या हवेची छोटी भोकं शोध. ती दिसली, तर समुद्र तिथवर आला असण्याची ती चांगली खूण, पण एकट्या भोकांवर विसंबू नकोस. आधी सगळ्यांत जुन्या वॉल्सिंगहॅम खडकगटापासून सगळ्यांत तरुण साउथॅम्प्टनपर्यंतचे थर एकदा पायी बघ, हातोडी पिशवीतच राहू दे.

ते घासलेलं प्रवाळ अजून माझ्या टेबलावर कागद दाबायला आहे. इकडे येशील तेव्हा दाखवतो.