ऊसतोड कामगारांवर विद्यार्थी म्हणून डॉक्युमेंटरी करताना परवानगी, परत करून घेतलेले शॉट आणि पैसे, याबाबत काय योग्य?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला आहात, ऊसतोड कामगारांवर पंधरा मिनिटांची डॉक्युमेंटरी करायची आहे आणि हातात हा एकच हंगाम आहे. परवानगी कागदावर घ्यावी का? एखादी गोष्ट कॅमेऱ्यासाठी परत करायला लावली तर चालते का? पैसे द्यावेत का? आणि सुरुवातीचं फुटेज बघून सर म्हणाले की 'इमोशन कमी पडतंय', त्याचं काय करायचं?

मी विद्यार्थी असताना याच विषयावर फिल्म केली होती. आता दुसऱ्यांच्या फिल्म एडिट करते. त्यामुळे त्या वेळी काय चुकलं ते मला आता जास्त नीट दिसतं.

भाकरीपासून सुरू करते. पहाटेचे साडेतीन, कोपीसमोर, म्हणजे कामगारांच्या तात्पुरत्या झोपडीसमोर, तीन दगडांची चूल, आणि एक मावशी भाकरी थापतायत. मित्राचा फोकस हुकला, म्हणून मी म्हटलं, "मावशी, परत एकदा थापता का?" त्यांनी थापली. मग उजेड पुरेना म्हणून मोबाइलचा टॉर्च लावून पुन्हा. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी आधी परातीत बघितलं, मग डब्याकडे, आणि काही न बोलता डब्यातून आणखी मूठभर पीठ काढलं. बाजाराला अजून तीन दिवस होते. त्यांच्या घरधन्यानं गाडी जुंपून ठेवली होती. टोळीतल्या, म्हणजे एकत्र ऊस तोडणाऱ्या गटातल्या, बाकीच्या गाड्या निघून गेल्या आणि हे दोघं सगळ्यांच्या मागून फडात, म्हणजे तोडणीच्या शेतात, पोचले. मुकादमाची, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराची, बोलणी त्यांनी खाल्ली. आम्हाला मात्र सुंदर शॉट मिळाला: अंधार, जाळ आणि हाताचा आवाज.

शॉट खोटा होता का? माझ्या मते नव्हता. त्या रोजच भाकरी थापतात, तशाच थापतात. परत करून घेणं हे डॉक्युमेंटरीच्या जन्मापासून चालत आलंय. १९२२ च्या 'नानूक ऑफ द नॉर्थ'मध्ये बर्फाच्या घरात कॅमेऱ्याला उजेड पुरत नव्हता, म्हणून एका बाजूनं उघडं असलेलं घर बांधून घेतलं होतं. पण त्याच फिल्ममध्ये, शिकारीला बंदुका वापरणाऱ्या माणसांना जुन्या पद्धतीनं हार्पूननं, म्हणजे दोरी बांधलेल्या भाल्यानं, शिकार करायला लावलं. पहिलं मला चालतं. दुसरं चालत नाही, कारण तिथे माणसाचं आजचं जगणं पुसून दिग्दर्शकाच्या मनातलं चित्र त्याच्या अंगावर चढवलंय. तुमच्या बाबतीत बोलायचं तर, मोळी बांधून डोक्यावर घेऊन ट्रककडे जाणाऱ्या बाईला 'जरा थांबा, या कोपऱ्यातून परत या' म्हणता येईल, पण ती मोळी तिला परत उचलावी लागते आणि मोळीला वजन असतं, हे लक्षात ठेवून. 'पदर जरा डोक्यावर घ्या, चेहरा उतरलेला ठेवा' असं मात्र म्हणायचं नाही. जे घडलंच नाही ते घडवून खरं म्हणून दाखवण्याचा शेवट कसा होतो, ते ब्रिटनमध्ये दिसलं. कार्लटन टेलिव्हिजनच्या १९९६ मधल्या ड्रग तस्करीवरच्या माहितीपटात बनावट प्रसंग खरे म्हणून दाखवल्याचं उघड झालं, आणि १९९८ मध्ये तिथल्या नियामक संस्थेनं कंपनीला वीस लाख पौंड दंड केला.

त्या भाकरीत मला आजही खटकते ती तिची किंमत. ती आम्ही भरली नाही, त्यांनी भरली. त्यामुळे पैशाच्या प्रश्नाचं उत्तर मी इथेच देते. बोलण्याचे पैसे देऊ नका. पैसे घेतले की माणूस तुम्हाला हवं ते सांगायला लागतो, आणि शेजारच्या कोपीतली बाई विचारते की तिला दिले, मला का नाही. पण बुडालेली मजुरी भरून द्या. इथे हिशोब टनावर असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि एक कोयता दिवसाला साधारण दीड-दोन टन तोडतो. तुम्ही बाईला तासभर बांधावर बसवलंत की तेवढा ऊस तोडायचा राहतो. पूर्ण दिवस गेला तर खाडा, म्हणजे गैरहजेरी, पडतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. तेव्हा मुलाखत फडात घ्यायचीच नाही. मोळ्या गाडीत भरून झाल्यावर गाडी कारखान्याच्या नंबरात, म्हणजे रांगेत, तासन् तास उभी असते, तेव्हा माणसं मोकळी असतात. आमच्या फिल्ममधलं सगळ्यात चांगलं बोलणं त्या नंबरातच मिळालं. बैल रवंथ करत होते आणि सगळे जोखडाला टेकून बसले होते. तरीही कुणाचा वेळ मोडलाच तर तितक्या टनाचे पैसे सरळ हातात द्या आणि कशाचे देताय ते सांगून द्या.

आता परवानगी. कॉलेज तुम्हाला संमतीपत्राचा नमुना देईल. तो भरून घ्या, लागतो. पण तिथे तुमची खरी गाठ मुकादमाशी पडणार आहे. तुम्ही टोळीवर जाल तेव्हा पहिला भेटेल तो मुकादम. तो चहा पाजेल, म्हणेल, 'घ्या की शूटिंग, आपलीच माणसं आहेत.' आम्हाला वाटलं, झाली परवानगी. त्यानंतर एकाही माणसानं नाही म्हटलं नाही. ते का, हे मला फार उशिरा कळलं. कोयत्यानं हंगामाआधी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ती फिटेपर्यंत तो मुकादमाकडे बांधलेला असतो, हंगाम संपताना अंगावर बाकी राहिली तर पुढच्या वर्षीही त्याच्याकडेच यावं लागतं. अशा माणसाला त्याच्या मुकादमानं आणलेल्या पोरांना नाही म्हणायची सोय कुठे आहे? मुकादमाची हरकत नसणं आणि त्या माणसाची संमती असणं, या दोन्ही गोष्टी लागतात, आणि दुसरी पहिलीतून निघत नाही.

म्हणून पहिले तीन-चार दिवस कॅमेरा पिशवीतच ठेवा. मुकादम नसताना, बायकांना बायकांनी वेगळं भेटून सांगा: ही फिल्म कोण बघणार, आमचे सर बघणार, मग कदाचित यूट्यूबवर जाईल, आणि यूट्यूबवर गेली की तुमच्या गावातल्या कुणाच्याही मोबाइलवर येऊ शकते. हे शेवटचं वाक्य गाळू नका. 'कॉलेजपुरतंच आहे' म्हणून परवानगी घ्यायची आणि मार्क मिळाल्यावर लिंक सगळीकडे फिरवायची, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की मला आता त्याची चीड येते. आणि संमती दिलेला माणूस नंतर नको म्हणाला तर ते ऐका. सही केलेली आहे, हा मुद्दा काढू नका.

काही वेळा माणूस हो म्हणतो तरी आपण नाही म्हणायचं असतं. एका काकांनी कॅमेऱ्यासमोर उचलीचा सगळा हिशोब सांगितला, किती दिली, किती लिहिली, फरक किती. आमच्या फिल्ममधलं तेच सगळ्यात ठोस वाक्य होतं. मार्गदर्शक म्हणाले, हे ठेवाच. आम्ही दोन दिवस भांडलो. शेवटी चेहरा काढला, तर आवाज ओळखू येत होता. आवाज बदलला, तर आकडा ऐकून मुकादमाला कळलंच असतं की कोण बोललं. मग तो हिशोब पडद्यावर मजकूर म्हणून टाकला, पाच जणांनी सांगितल्यासारखा. ते खरंही होतं, कारण नंतर आम्ही आणखी चार जणांना विचारलं आणि तेच निघालं. फिल्म त्या जागी थोडी थंड पडली. त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही.

मुलांच्या बाबतीत मात्र चर्चेला जागाच नाही. फडात दहा-बारा वर्षांचं पोर वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करताना दिसेल, ते काम करताना चेहऱ्यासकट दाखवायचा मोह होईल. बाल न्याय कायदा २०१५ मध्ये बेकायदा मजुरी करताना आढळलेलं मूल 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं' मानलं जातं, आणि कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख पटेल असं काहीही माध्यमांत दाखवायला मनाई आहे. नाव, गाव, शाळा, चेहरा, सगळंच त्यात आलं. आईनं हो म्हटलं म्हणून चालत नाही. पाय दाखवा, हात दाखवा, लांबून पाठमोरं दाखवा.

आणखी एक. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी गाजली. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांवर बायकांच्या पाहणीत १३ हजारांवर बायकांचं गर्भाशय काढलेलं आढळलं. विषय फार मोठा आहे आणि त्यावर काम व्हायलाच हवं. पण त्यानंतर कितीतरी लोक कॅमेरे घेऊन कोपीवर जाऊन पहिला प्रश्न 'तुमची पिशवी काढलीय का' असा विचारायला लागले. तुम्ही तो विचारू नका. बाई आपणहून बोलली तर ऐका, आणि ऐकताना कॅमेरा बंद करायचा का, ते तिला विचारा.

आता सरांच्या 'इमोशन'बद्दल. इथे मी सगळ्यात मोठी चूक केली, आणि ती एडिट टेबलवर केली. त्या भाकरीवाल्या मावशी नंबरात बसून म्हणाल्या होत्या, "पोरीच्या लग्नाला उचल घेतली, ती अजून फिटली न्हाई." आणि लगेच खळखळून हसून, "जावई बी कोयत्यावरच भेटला, बघा!" मी 'न्हाई'वर कापलं. त्यावर बैलाच्या खुरांचा क्लोजअप टाकला, तीन सेकंद शांतता, आणि खाली बासरी. वर्गात दाखवलं तेव्हा सगळे गप्प झाले. मला वाटलं, जमलं.

मुलाखतीत जिथे जिथे आपण कापतो, तिथला झटका लपवायला खुरं, चूल, हात असलं काहीतरी वर टाकतो. आमच्या धंद्यात याला कटअवे म्हणतात आणि त्याशिवाय भागत नाही. पण खोटेपणा बहुतेक वेळा त्या खुरांखालीच लपलेला असतो. दोन वेगळ्या दिवसांची वाक्यं जोडलेली असतात, प्रश्न एक असतो आणि उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं, हसणं गाळलेलं असतं. बघणाऱ्याला ते कधीच कळत नाही. बोलणाऱ्याला मात्र पहिल्या फटक्यात कळतं.

आम्ही लॅपटॉप घेऊन परत टोळीवर गेलो. गाडीच्या साट्यावर चादर बांधून, कारखान्याजवळच्या टपरीवरून वायर ओढून, प्रोजेक्टर लावला. आपली बैलं दिसली की पोरं ओरडत होती. मावशींचा भाग आला, संपला, आणि त्या म्हणाल्या, "मी हसले व्हते की तिथं. कुठं गेलं ते?" मी काहीतरी वेळेचं कारण दिलं. त्या म्हणाल्या, "ताई, सून बघंल अन् म्हणंल, सासूनं लोकांपुढं रडगाणं गायलं. मी रडले नव्हते."

त्या रात्रीच हसणं परत घातलं आणि बासरी काढली. त्या जागी आता वर्गात कुणी गप्प होत नाही, लोक आधी हसतात आणि मग थांबतात. सरांना सांगा की इमोशन आहे, ते कापलं नाही की दिसतं. त्यांना पटलं नाही आणि मार्क गेले तर जाऊ द्यात. हे मी सहज म्हणत नाही, माझेही गेले होते.

आनंद पटवर्धनांच्या 'हमारा शहर'मध्ये (१९८५) फुटपाथवरची एक बाई शूटिंग करणाऱ्यांनाच जाब विचारते, गरिबांचे फोटो काढून काय होणार म्हणून. त्यांनी तो भाग फिल्ममध्ये ठेवला. तुम्हालाही कुणीतरी असं विचारेल. कॅमेरा खाली ठेवून उत्तर द्या, आणि ती हो म्हणाली तर तिचा प्रश्न फिल्ममध्ये येऊ द्या.

वेळापत्रक मात्र आजच मांडा. तुम्ही शूटिंग कधी संपणार ते धराल आणि एडिट परीक्षेच्या आसपास ठेवाल. तसं करू नका. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की दोन दिवसांत टोळ्या गाड्या भरून निघून जातात, कुणी बीडला, कुणी पाथर्डीला, कुणी जतला, आणि मग त्या सगळ्यांना एका चादरीसमोर बसवणं होत नाही. कारखान्याचा स्लिप बॉय, म्हणजे तोडीच्या पावत्या लिहिणारा पोरगा, रोज फडावर येतो. यंदा पट्टा कधी पडेल, ते त्याला साधारण माहीत असतं. त्याला विचारा, टोळीला फिल्म दाखवायला त्या तारखेच्या आधी दोन आठवडे धरा, आणि कच्चा कट तोवर तयार ठेवा. प्रोजेक्टर कॉलेजकडून दोन दिवसांसाठी मिळतो, अर्ज आधी द्या.