नंबर तोच, कंपनी दुसरी

प्रश्न : बाबांच्या पेन्शनचे ओटीपी १४ वर्षं याच नंबरवर येतात. गावात रेंज नाही. नंबर न बदलता कंपनी बदलता येईल? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : येईल, ताई. आधी शेजाऱ्यांच्या फोनवर नव्या कंपनीची रेंज घरात, अगदी माजघरात तपासा. माझ्या आईच्या वेळी मी अंगणातच पाहिली आणि फसले. मग बाबांच्या फोनवरून इंग्रजीत ‘पोर्ट’, एक जागा सोडून नंबर, असा मेसेज १९०० वर पाठवा. आठ अक्षरी कोड येईल, तो महाराष्ट्रात ४ दिवसच चालतो. कोड आणि आधार घेऊन बाबांनाच नव्या कंपनीच्या दुकानात न्या. जुनं सिम बंद पडेपर्यंत काढू नका. शिल्लक बॅलन्स मात्र जातो. पेन्शनच्या तारखेला हे करू नका.